देवमनचा तीन नंबरचा बोअर

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. चौतीस वर्षं अकोल्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं, मुलांना 'प्रश्न विचारा' म्हणून सांगत आले, आणि मुलं काही विचारेनात म्हणून ते काम स्वतःकडेच घेतलं. निवृत्त झाल्यावर प्रश्न विचारायला वर्ग उरला नाही. तेव्हापासून भाजीवाले, वायरमन, बँकेतले कारकून असे जे समोर येतील त्यांची सुटका नसते.

जठारपेठेतलं आमचं घर काळ्या मातीवर आहे. श्रावणात दार चौकटीत असं घट्ट बसतं की खांदा लावून ढकलावं लागतं, आणि चैत्रात त्याच फटीतून शेजारणीशी बोलता येतं. वऱ्हाडात याचं कुणाला नवल नाही. माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, आणि तिच्यावरचं घर बिचारं तिच्या मनासारखं वागतं. तर असं घर सोडून मी मोर्णा नदीच्या काठी होणाऱ्या अकरा मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. नदीकडच्या कोपऱ्यातला. गुळगुळीत कागदाच्या पुस्तिकेत बाग होती, व्यायामशाळा होती, गच्चीवर झोपाळा होता. अकरा मजले उभे कशावर राहणार, त्याची एक ओळ नव्हती. बिल्डर खुशालराव, तेल्हाऱ्याकडचे, मूळचे कापसाच्या व्यापारातले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, खालचं आमच्यावर सोडा." सोडणं मला कधी जमलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लॉटवर हजर.

तिथे तीन पायांचा उंच लोखंडी घोडा उभा होता आणि त्याच्याखाली एक माणूस मोजत होता. अठ्ठावन्न-साठीचा, किडकिडीत, डोक्याला टॉवेल, एक हात जमिनीतून वर आलेल्या लोखंडी दांड्यावर. वरून त्रेसष्ट किलोचा हातोडा दांड्यावर आदळायचा आणि हा माणूस म्हणायचा, नऊ. पुन्हा आदळायचा, दहा. मी विचारलं, काय चाललंय? त्याने मान वळवली नाही. सतरापर्यंत मोजलं, दांड्यावरची खडूची खूण बघितली, आकडा सांगून हाताखालच्या पोराकडून वहीत लिहून घेतला आणि मग माझ्याकडे वळला.

"मॅडम, गिनती चुकली असती तं तुमची बिल्डिंग एक ठोका कच्ची निंगाली असती."

हा देवमन तायडे. दर्यापूर तालुक्यातला, राहायला अमरावतीत. सातवी शिकलेला. माती तपासणाऱ्या एका कंपनीत सव्वीस वर्षं जमिनीला बोअर पाडण्याचं काम करत होता. पाण्यासाठी नाही, जमीन किती वजन पेलेल ते बघण्यासाठी. त्याची रीत साधी आहे, पुढच्या आठवडाभरात मी ती सगळी उपसून काढली. अडीच फुटांवरून हातोडा सोडायचा आणि दांडा एक फूट खाली जायला किती ठोके लागले ते मोजायचं. चार ठोक्यांत गेला तर माती लोण्यासारखी, तिच्यावर गोठाही बांधू नये. तीस लागले तर बरी. पन्नास मारूनही दांडा हलेना, तर तिथे हातोड्याचं काम संपलं. मग हिऱ्याच्या दातांची मशीन लावायची आणि खालचा दगड दहा फूट तरी कापून वर काढून बघायचा. तो खरा खडक निघाला, तर इमारतीचे सिमेंटचे खांब, ज्यांना सगळे पाइल म्हणतात, तिथपर्यंत न्यायचे. म्हणजे काळ्या मातीने वर कितीही नखरे केले तरी इमारतीचे पाय खाली दगडावर.

मला हा माणूस आवडला. तो मातीकडे बघायचा ते काही आगळंच होतं. नळीतून निघालेला गोळा बोटांत मळायचा, वास घ्यायचा, त्याची शेवई वळून बघायचा, तुटली की किती लांबीवर तुटली ते सांगायचा. थोडी माती पाण्याच्या ग्लासात टाकून जेवायला बसायचा आणि जेवण होईपर्यंत ती किती विरघळली ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहायचा. एसटीने अमरावतीहून येताना लोक ढाबे बघतात, हा इमारतींच्या खालची जमीन बघतो. ही अठ्ठावीस फुटांवर उभी आहे, हिला पन्नास फूट जावं लागलं, ही कशावर उभी आहे ते देवाला माहीत, असं त्याचं चालू असतं. मी म्हटलं, पुस्तक लिहा. तो म्हणाला, मी आकडा सांगतो, लिहिणारे वेगळे.

लिहिणारी प्रणाली होती. सव्वीस वर्षांची इंजिनिअर, अमरावतीची. ठोकेबहाद्दरांनी सांगितलेले आकडे घेऊन अहवाल करायचा हे तिचं काम. एकटीच्या सहीने जाणारा हा तिचा पहिला अहवाल होता. ती देवमनला काका म्हणायची. कॉलेजात माती पुस्तकात शिकले, बोटांनी ओळखायला काकांनी शिकवलं, असं तिने मला स्वतःहून सांगितलं. तिचा त्याच्यावर भारी विश्वास होता.

पाच बोअर झाले, अहवाल गेला, आणि पुढच्या सोमवारी पाइलची मोठी मशीन येणार असं ठरलं. देवमन मात्र प्लॉटवरच होता, कारण सामान न्यायला ट्रक आला नव्हता. मंगळवारी सकाळी मी गेले तेव्हा तो पाइप धूत होता आणि शेजारी लाकडी खोकी मांडलेली होती. प्रत्येक बोअरचं एक खोकं, त्यात खालून काढलेला दगड ओळीने ठेवलेला. एक, दोन, चार आणि पाच नंबरच्या खोक्यांत काळ्या दगडाचे हातभर लांब, गोल, तुळतुळीत तुकडे. पंचेचाळीस फुटांच्या आसपासचे. तीन नंबरच्या खोक्यात फक्त एक प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात पांढरट खडे. तीन नंबर म्हणजे नदीकडचा कोपरा. म्हणजे माझा.

हे असं का, मी विचारलं. तिकडे खडक वर आहे, तीस फुटांवरच लागला, एवढं बोलून त्याने पाइपात पाणी सोडलं. नदीकडे उतरत्या जमिनीत खडक वर कसा येईल? आला असेलही, मी काही भूगोलाची बाई नव्हे. पण एक खडा पदरात घालून घरी आणला आणि न्हाणी धुवायचं ॲसिड त्याच्यावर ओतलं. खडा फसफसला. काळा पाषाण असता तर ढिम्म राहिला असता. ही चुनखडी होती. आमच्या आजोबांच्या काळात असले खडे भाजून घरं रंगवायचा चुना करत.

बुधवारी मी विजयी मुद्रेने गेले. देवमनला सांगितलं, हा खडक नाही, चुनखडी आहे. मला वाटलं होतं तो चकित होईल. तो झाला नाही.

"माहीत हाये मले," तो म्हणाला.

मग तिच्याखाली काय आहे, मी विचारलं. विज्ञानाच्या बाईने विचारावा असा हा अगदी साधा प्रश्न. त्याने टॉवेलने हात पुसले, पुन्हा पुसले.

"पाह्यलं नाही."

मी बाजूच्या पाइपांच्या ढिगावर बसले. उठणार नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं. तोही बसला, आणि विचारलं नव्हतं ते सांगायला लागला.

त्याचं गाव खारपाणातलं. तिथे जमिनीखाली पाणी आहे, पण खारं, पिऊ नये असं. कुठे कुठे वरच्या थरात पावसाचं गोडं पाणी साठून राहतं, तेवढंच. गावाची विहीर होती, पण तिच्यावर कोण जाणार आणि कोण नाही याचे जुने हिशेब होते. बौद्धपुऱ्यातल्या बायांना दीड मैलावरून पाणी आणावं लागे. देवमन नऊ-दहा वर्षांचा असताना पुऱ्याने स्वतःची विहीर खणायची ठरवली. खणणारा त्याचा बाप, बुधाजी. आसपास त्याच्यासारखा विहीर खणणारा नव्हता. तीस फुटांवर पांढरा कडक थर लागला आणि थराच्या वर गोडं पाणी झिरपलं. दोन महिने सगळा पुरा ते पाणी प्याला. बायांनी घागरी दारात धुतल्या, दीड मैलाच्या वाटेवर गवत उगवलं. मग उन्हाळा वाढला, पाणी तळाला गेलं, आणि लोक म्हणाले, बुधाजी, अजून खाली जा. बुधाजीलाही वाटलं, थराच्या खाली भरपूर असेल. त्याने पहार घातली. थर फुटला आणि पाणी कमरेपर्यंत चढलं. वर लोकांनी आरोळ्या ठोकल्या. पहिली घागर बुधाजीच्या आईने, पार्बताबाईने, ओढली. तिने घोट घेतला आणि घागर तिथेच उलटी केली.

विहीर परत कधी गोडी झाली नाही. दीड मैलाची वाट पुन्हा सुरू झाली. बुधाजीला कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. त्याने पुन्हा विहीर खणली नाही, दुसऱ्याच्या वावरात मजुरीला गेला. मुलाला त्याने कामातलं एकच सांगून ठेवलं होतं, की पांढरा थर लागला की हात आवरायचा.

"तीन नंबरले थोच थर लागला, मॅडम. तीस फुटावरच. पन्नास ठोके मारले, एक इंच गेला. मशीन लावून फोडाचा होता. हात उठलाच नाही."

मशीन त्या वेळी पाच नंबरवर अडकलेली होती, एक दिवस थांबावं लागलं असतं. प्रणाली त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होती. तिने फोन केला, काका, तीन नंबरचं काय? याने सांगितलं, पन्नास ठोक्यांत एक इंच. तिने विचारलं, खडक? आणि हा 'हो' म्हणाला. पन्नास ठोके खरे होते, इंच खरा होता. 'हो' तेवढं खोटं होतं. इतर चार बोअरना चुनखडीचे सुटे खडे लागले होते, थर नव्हता, म्हणून तिथे याचा हात अडला नव्हता.

मला त्याची दया यायला हवी होती. आली ती चीड. मी त्याला वर्गात उभ्या केलेल्या पोरासारखं झापलं. तीन बाजूंनी पाय खडकावर आणि चौथा एका पापुद्र्यावर, आणि त्या पापुद्र्यावर अकरा मजले, त्यात मी एकटीच का, चव्वेचाळीस घरं. हे तुम्ही रोज शेवया वळून बघणारे, तुम्हाला कळत नव्हतं? तो ऐकत राहिला. कळत होतं, एवढंच म्हणाला, फोन ठेवल्यावर तासाभरातच कळत होतं. मग दर दिवशी सांगणं आणखी जड होत गेलं. आता सांगितलं तर पोरीची पहिलीच सही खोटी ठरणार. ती सही त्याच्या शब्दावर झाली होती.

मी म्हटलं, तुम्ही प्रणालीला फोन करता की मी खुशालरावांकडे जाऊ? तर म्हणाला, तुम्ही नका जाऊ, आणि फोनही नाही करत. फोनवर 'हो' म्हटलं होतं, आता समोर जाऊन 'नाही' म्हणतो. त्याने कपडे बदलले आणि दुपारच्या एसटीने अमरावतीला गेला.

मी दिवसभर घरात येरझारा घातल्या. हा तिकडे जातो की थेट गावाला पळतो, असंही मनात आलं, कबूल करते. पळाला असता तर मला फार आश्चर्य वाटलं नसतं, आणि तो पळाला नाही याचा मला अजून आनंद वाटतो.

पुढचं प्रणालीने सांगितलं. ऑफिसात तिने आधी ऐकूनच घेतलं नाही, अहवाल गेलाय काका, म्हणाली. मग दार लावून घेतलं. एरवी ऑफिसात ती पुस्तकी मराठी बोलते, पण तेव्हा तोंडातून निघालं, "काका, काहून केलं असं?" त्याने विहिरीचं सांगितलं. ती म्हणाली, मी विहिरीचं विचारत नाही, मी माझ्या सहीचं विचारते. मग ती रडली. तो उभाच होता, बस म्हणेपर्यंत बसला नाही. शेवटी तिने डोळे पुसून कंपनीच्या साहेबांना फोन लावला. साहेब आधी तापले आणि मग कामाचं बोलले. बोअर पुन्हा घ्या आणि पहिल्या खेपेला मशीन बिघडली होती असं लिहून टाका, म्हणजे कुणाचंच काही जात नाही.

शुक्रवारी सकाळी मशीन तीन नंबरवर उभी राहिली. खुशालरावही आले. सोमवारची तारीख पुढे जाणार म्हणून त्यांचा चेहरा आंबट झाला होता. मला बघून तो आणखी आंबट झाला. मी बिनधास्त पाइपांच्या ढिगावर जागा धरली.

तीस फुटांपर्यंत जुनंच भोक होतं. मशीनचे दात थरावर टेकले आणि देवमनचा हात मुठीवर थांबला. किती वेळ थांबला सांगता येणार नाही, पण खुशालरावांनी दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी प्रणाली त्याच्याजवळ गेली.

"काका, इथलं पाणी कुणाला प्यायचं नाहीये."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि मूठ फिरवली.

थर दोन फुटांचा निघाला. तो फुटल्यावर मशीन वर काढली, हातोड्याचा दांडा आत सोडला, आणि दांडा कुणी हात न लावता आपल्याच वजनाने वीतभर खाली गेला. हातोडा अजून वरच होता. खुशालरावांनी कानाचा फोन खिशात ठेवला. देवमन मोजायला लागला. एक, दोन, तीन. तीन ठोक्यांत एक फूट. पुढच्या फुटालाही चार. खालून निघालेली माती त्याने बोटांत घेतली, शेवई वळायचा प्रश्नच नव्हता, ती हाताला चिकटून राहिली. त्या थरावर पाइल टेकवले असते तर काय झालं असतं, ते समजावून सांगायला इंजिनिअरची गरज नव्हती. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून नदी कशी दिसेल याची मी कितीदा कल्पना केली होती.

खरा खडक लागला तो शनिवारी दुपारी, बासष्ट फुटांवर. दहा फूट कापून बघितला, काळा आणि सलग. देवमनने तुकडे एकेक करून तीन नंबरच्या खोक्यात लावले आणि चुनखडीची पिशवी त्यांच्या वर, तीस फुटांच्या खुणेवर ठेवली.

मग वही निघाली. आकडे प्रणालीनेच भरले. शेवटी शेऱ्याचा रकाना होता. तिथे तिचं पेन थांबलं. साहेबांनी सांगितलेलं वाक्य तिला पाठ होतं, तिने ते हळू आवाजात म्हणूनही दाखवलं. खाली मान घालून म्हणाली, काका, असंच लिहू, तुमचं काम राहील.

"मशीन काहून बदनाम करता?" देवमन म्हणाला. "मशीन तं खाली जायाले तयार होती. मी थांबलो."

त्याने तिच्या हातातून पेन घेतलं. सव्वीस वर्षं आकडे सांगणारा माणूस, लिहायची सवय नाही. खोक्यावर वही ठेवून एकेक अक्षर काढत होता, मी वाकून बघत होते. 'तीस फुटावर मी थांबलो. खडक नव्हता. मी हो म्हटले.' खाली पूर्ण नाव लिहिलं, देवमन बुधाजी तायडे.

प्रणालीने वही पुढ्यात ओढली. बराच वेळ त्या तीन ओळी बघितल्या आणि त्यांच्या खाली लिहिलं, 'मी खोके न बघता सही केली.' आणि पुन्हा सही केली, या खेपेला सावकाश.

खुशालरावांनी वही दोनदा वाचली. बाकीच्या चार बोअरचा दगड कुणी डोळ्यांनी बघितलाय का, एवढंच विचारलं. प्रणाली म्हणाली, मी बघितलाय, आता तुम्हीही बघा. त्यांनी बघितला, वाकून, हातात घेऊन, चारही खोकी. मग माझ्याकडे वळले. आवाजातला व्यापारी थोडा बाजूला झाला होता.

"मॅडम, तुमचा फ्लॅट याच कोपऱ्यावर हाये. बदलून पायजे असन तं आत्ता सांगा, रस्त्याकडचा देतो."

मी म्हटलं, रस्त्याकडच्या कोपऱ्याखाली काय आहे आणि कोण कुठे चुकलं, हे असं सहीनिशी लिहून देणारं कुणी आहे का तुमच्याकडे? त्यांनी वही मिटून प्रणालीकडे दिली. मग मी म्हटलं, माझा हाच राहू द्या. देवमन पाइप धुवायला गेला होता, त्याला हे ऐकू गेलं की नाही कोण जाणे.